सात नंबरचा शिक्का

"कुठलं मशीन म्हणालात?" भंगारवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"सात नंबर. एवढंसं. पांढरं," फानने हातानेच माप दाखवलं. "वर काही ठेवलेलं नव्हतं."

"वर काही नव्हतं म्हणूनच उचललं ना, साहेब. तुमच्या मालकांनीच सांगितलं, हिरवी पुडी असेल ते राहू द्या, बाकीचं सगळं न्या. आम्ही एका पुडीला हात लावला नाही. मोजा पाहिजे तर."

फान चिन-शेंगने काहीच मोजलं नाही. तो नुसता उभा राहिला. भंगारवाल्याला त्याची दया आली असावी, कारण त्याने कॉम्प्युटरवर पुन्हा एकदा शोधलं आणि एक कागद छापून आणून दिला. मशीनचा नंबर, शनिवारची तारीख, खाली लाल शिक्का, आणि मजकूर असा की डिस्कचे सहा मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे केले आहेत.

"तुकडे कुठे असतात?" फानने विचारलं.

"असतात म्हणजे? मागे पोतं आहे. पण सगळ्यांचे एकत्र असतात हो."

आम्ही मागे गेलो. छातीइतक्या उंचीचं पोतं होतं. फानने बाही वर सारून त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर चकाकणारी खडी बाहेर काढली. मी म्हटलं, "फान, काय शोधतोयस?"

"काही नाही, ताई," तो म्हणाला. "काम चोख करतात."

सहा मिलिमीटरचा नियम त्यानेच लिहिलेला होता. आमच्या कंपनीतले बहुतेक नियम त्यानेच लिहिलेले होते, आणि ते पाळणाराही बहुतेक तो एकटाच होता.

मी लो पेई-शिया. तैवानमधल्या शिन-चूच्या एका छोट्या कंपनीत चौदा वर्षं ग्राहकांचे फोन घेत आले. आमची कंपनी बोलती पाटी बनवायची. ज्यांचं शरीर हळूहळू थांबत जातं आणि शेवटी डोळे तेवढे हलतात, अशा माणसांसाठी ही पाटी. पाटीवरच्या अक्षरांवर नजर रोखायची, शब्द जुळतात, आणि पाटी ते मोठ्याने बोलते. आमचे मालक को साहेब यांनी ती पहिल्यांदा स्वतःच्या आईसाठी केली. आई गेली, कंपनी राहिली. एके काळी आम्ही चाळीस जण होतो, शेवटी शेवटी सहा उरलो. नवीन पाट्या बनवणं कधीच बंद झालं होतं, पण सहाशे बारा पाट्या अजून लोकांच्या उशाशी बोलत होत्या.

त्या बोलत राहाव्यात हे फानचं काम. पाटीतली चिप जगावेगळी. तिचं सॉफ्टवेअर साध्या मशीनवर तयार करता येत नसे, त्यासाठी आमच्याकडे चाळीस खास मशीनं एका थंडगार खोलीत मांडलेली होती. फान त्या खोलीत स्वेटर घालून बसायचा. वय एक्कावन्न, लग्न नाही, आई होती ती चार वर्षांपूर्वी वारली. दुपारी एकाच दुकानातला एकच डबा. काटकसरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या हक्का जमातीचा माणूस, कागद दोन्ही बाजूंनी वापरून झाला की त्याची पाकिटं करायचा. आम्ही त्याला खूप चिडवायचो. तो चिडायचा नाही, त्यामुळे चिडवण्यात मजाही नसायची. नाकासमोर चालणारा माणूस होता.

दर गुरुवारी तो पाट्यांसाठी सुधारलेलं सॉफ्टवेअर पाठवायचा. पण एकदम सगळ्यांना कधी नाही. आधी एकाच पाटीवर पाठवायचं, एक दिवस वाट पाहायची, बिघडलं तर एकाचंच बिघडेल, आणि मगच बाकीच्यांना. ती पहिली पाटी यिनबाईंची. यिनबाई तोंग-लुओ गावच्या शाळेत अडतीस वर्षं शिकवत होत्या. आजार हळू चालीचा निघाला. वाचा जायच्या आधी महिनाभर त्यांनी आमच्या ऑफिसात येऊन स्वतःच्या आवाजात तीन हजार वाक्यं बोलून ठेवली होती, म्हणून त्यांची पाटी त्यांच्याच आवाजात बोलायची. ती वाक्यं ध्वनिमुद्रित करायला रोज त्यांच्यासमोर बसायचा तो फानच. पुढे पहिल्या पाटीसाठी कोणी तयार होईना तेव्हा बाईंनी निरोप पाठवला, "माझ्यावर करून बघा. वर्गात कोणीतरी पहिल्या बाकावर बसावंच लागतं." तेव्हापासून नऊ वर्षं दर शुक्रवारी सकाळी त्यांचा फानला संदेश यायचा, शंभरपैकी गुण आणि खाली शेरा. "अठ्ठ्याहत्तर. विरामचिन्हांनंतर फार वेळ थांबते, लोकांना वाटतं मी विचार करतेय." फान तो कागदावर उतरवून घ्यायचा.

आता त्या शिक्क्याचं सांगते, म्हणजे झालं ते किती साधं होतं ते कळेल. पाटी कोणाचंही सॉफ्टवेअर घ्यायची नाही. त्यावर आमच्या कंपनीचा गुप्त शिक्का असेल तरच घ्यायची. रुग्णाच्या तोंडून भलत्या कोणी काही बोलवू नये म्हणून ही काळजी. तो शिक्का चाळीसपैकी एकाच मशीनमध्ये होता, सात नंबरच्या. तिथून तो बाहेर काढायचा नाही असा नियम होता. हाही फानचाच. शिवाय प्रत्येक पाटीत दहा वर्षांचा परवाना भरलेला होता, तो एक डिसेंबरला संपत होता. नवा परवाना पाठवायचा तर त्यावरही शिक्का लागणार.

फानला हे सगळं माहीत होतं. त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक डिसेंबरभोवती नऊ वर्षं गोल काढलेला असायचा. पण त्या वर्षी को साहेबांना आमच्या खोलीचं भाडं आणि विजेचं बिल परवडेना. सगळं काम उचलून एका मोठ्या कंपनीच्या भाड्याच्या मशीनांवर न्यायचं ठरलं. ती मशीनं कुठे आहेत हे कोणाला ठाऊक नसतं, म्हणून त्याला क्लाउड म्हणतात. त्या विचित्र चिपचं काम तिथे चालतं करायला फानला दोन वर्षं लागली. ऑक्टोबरात एकोणचाळीस मशीनांचं काम तिकडे गेलं. राहिला सात नंबर. शिक्का हलवायचा तर तो निवांतपणे, साक्षीदार ठेवून, पुढच्या आठवड्यात, असं फानने ठरवलं. मग नोव्हेंबरात नवा परवाना.

आमच्याकडे तैवानात चालत्या मशीनवर खाऊची हिरवी पुडी ठेवतात. मक्याचा, नारळाच्या चवीचा. बँकेत बघा, इस्पितळात बघा, टोलनाक्यावर बघा, पुडी असली की मशीन शहाण्यासारखं वागतं. हिरवीच पाहिजे. पिवळी चालत नाही, लाल तर मुळीच नाही. आणि तारीख उलटलेली पुडी ठेवणं हे न ठेवण्यापेक्षा वाईट. फानचा यावर विश्वास नव्हता असं तो म्हणायचा. पण एकाही मशीनवर त्याने कधी शिळी पुडी राहू दिली नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी सात नंबरवरच्या पुडीची तारीख त्याने पाहिली. रविवारी संपत होती. त्याने ती उतरवली आणि खाली दुकानात गेला. हिरवी संपली होती, पिवळी होती. तो रिकाम्या हाताने परत आला.

"सोमवारी आणतो," तो म्हणाला. "दोन दिवसांत काय होतंय."

उतरवलेली पुडी टाकायची नसते, वाटून खायची असते. आम्ही दोघं जिन्यात बसून ती खाल्ली. निम्मी मी खाल्ली, हे मी कोणापासून लपवलेलं नाही.

शनिवारी भंगारवाले आले, काम संपलेली, पुड्या उतरवलेली एकोणचाळीस मशीनं न्यायला. ते मंगळवारी येणार होते, पण त्यांची गाडी त्या बाजूला रिकामी होती. को साहेब गावाला निघाले होते, त्यांनी फोनवरूनच सांगितलं, हिरवी पुडी असलेली सोडा, बाकी न्या. तैवानातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने हेच सांगितलं असतं. पुडी नाही म्हणजे मशीन निवृत्त झालं, एवढं लहान मूलही जाणतं. मागे राहिले दाराचं मशीन आणि वातानुकूलनाचं मशीन, दोघांच्या डोक्यावर ताज्या पुड्या.

भंगारखान्यातून परत येताना फान बसमध्ये एकच वाक्य बोलला. "दुसरी प्रत आहे, ताई."

दुसरी प्रत खरंच होती. को साहेबांच्या बँकेच्या लॉकरमध्ये, बोटाएवढ्या एका कांडीवर, पेनड्राइव्हवर. नऊ वर्षांपूर्वी, शिक्का बाहेर न काढण्याचा नियम लिहायच्या आधी, फानने स्वतः बनवून पाकिटात बंद करून दिली होती. को साहेबांनी आमच्यासमोर पाकीट फोडलं. फानने ती मशीनला लावली. मशीन म्हणालं, यात काही नाही. त्याने दुसऱ्या मशीनला लावली, तिसऱ्याला लावली. मग ताइपेच्या एका माणसाकडे नेली, तो मेलेल्या कांड्या जिवंत करतो म्हणे. त्याने चार दिवस ठेवून घेतली आणि परत दिली.

"मधल्या काळात एकदा तरी उघडून बघितली होती का?" को साहेबांनी विचारलं.

"नाही."

"नऊ वर्षांत?"

"बाहेर काढायची नाही असा नियम होता, साहेब."

को साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा पुसत बसले. मलाच राहवलं नाही, मी म्हटलं, "बैल गेला आणि झोपा केला! आता नियमाचं काय घेऊन बसलात?" मला नंतर वाईट वाटलं.

पुढचे पाच आठवडे फान घरी गेला तो फक्त आंघोळीला. चिप बनवणाऱ्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की ही चिप कोणालाच उघडता येऊ नये अशीच तुम्ही मागितली होती. पाटीचं घड्याळ मागे न्यावं म्हटलं, तर पाटी मोबाइलच्या टॉवरला वेळ विचारते, माणसाला नाही. टॉवरपासून तोडून ठेवली तर चोरी झाली असं समजून ती तिसऱ्या दिवशी स्वतःच बंद पडते. तीही खबरदारी त्यानेच घातलेली. जिकडे जाईल तिकडे त्याला स्वतःचीच हुशारी आडवी येत होती. त्याने दारं अशी चोख लावली होती की आता तो स्वतः बाहेर होता, आणि आत सहाशे बारा माणसं.

परदेशी पाट्या मिळतात. सरकार मदतही करतं. अर्ज करायचा, तपासणी व्हायची, आठ महिने लागतात. आमच्या काही ग्राहकांकडे आठ महिने नव्हते. आणि मिळाली तरी ती पाटी परक्याच कोणा बाईच्या आवाजात बोलणार.

वीस नोव्हेंबरला को साहेबांनी सगळ्यांना पत्र पाठवलं. क्षमा मागितली, अर्ज कसा करायचा ते लिहिलं, खाली माझा नंबर. फोन इतके आले की माझा आवाज बसला. शिव्याही आल्या, त्या बऱ्या वाटल्या. यिनबाईंकडून फानला दोन ओळी आल्या. "मग इकडे ये. आठच्या आत ये." परवान्याची वेळ लंडनच्या घड्याळाने लावलेली होती. तिथली मध्यरात्र म्हणजे आमचे सकाळचे आठ.

"मी येते," मी म्हटलं.

"कशाला, ताई?"

"निम्मी पुडी मी खाल्लीय."

एक डिसेंबरला पहाटेच्या गाडीने आम्ही तोंग-लुओला उतरलो तेव्हा सहा वाजून गेले होते. थंडी बोचरी होती. यिनबाईंचे यजमान पेंग काका दारातच उभे होते. ते रेल्वेत सांधेवाले होते, वेळेच्या बाबतीत अजूनही तसेच. "गाडी चार मिनिटं लेट होती," ते आम्हाला म्हणाले, जणू गाडी आम्हीच चालवत आणली होती.

बाईंची खाट बाहेरच्या खोलीत होती, स्वयंपाकघराच्या दारासमोर. मुद्दामच तशी लावलेली. घरात काय शिजतंय ते दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. समोर लोखंडी दांड्यावर पाटी. ध्वनिमुद्रणाचा तो महिना सोडला तर मी त्यांना फोनवरच ओळखत होते, पुन्हा पाहिलं ते आज. केस नीट विंचरलेले होते आणि अंगात बाहेर जायचा निळा कोट होता.

"या," पाटी बोलली. चांगला खणखणीत आवाज होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "काही खाल्लं नसेल. अहो, पेज टाका."

"टाकतो, टाकतो."

"टाकतो नाही. टाका."

काका आत गेले. बाईंची नजर पाटीवर फिरत राहिली. एकेक वाक्य जुळायला अर्धं मिनिट लागायचं.

"चिन-शेंग. चूक कोणाची?"

"माझी," फान म्हणाला. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, हात गुडघ्यांवर.

"कशी झाली ते सांग. पत्रात नव्हतं."

त्याने सगळं सांगितलं. पुडी, रविवारची तारीख, खालचं दुकान, भंगारवाल्यांची रिकामी गाडी. काहीही गाळलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं. मग नजर फिरली.

"पिवळी ठेवायची होतीस."

"पिवळी चालत नाही, बाई."

पुन्हा अर्धं मिनिट.

"आणि हे चाललं?"

काका आतून मोठ्याने हसले. मलाही हसू आलं. फान हसला नाही. त्याने मान खाली घातली.

सात वाजल्यापासून बाईंनी कामाला सुरुवात केली. "अहो, वही घ्या. लिहा." काका वही घेऊन खाटेजवळ बसले. त्यांना वाटलं असेल की ही काही निरवानिरव करणार, मोठं काही बोलणार. बाईंनी सांगितलं ते असं. गॅसवाला सिलिंडर हलकं देतो, वजन करून घ्यायचं. रक्तदाबाची गोळी रात्रीची नाही, सकाळची. भाचीच्या लग्नात राखाडी कोट घालायचा, तपकिरी नाही, तपकिरीत तुम्ही आजारी दिसता. मला उन्हात नेलंत तर डोळ्यांवर टोपी ओढू नका, मला डोंगर बघायचा असतो.

"लिहिलंत?"

"लिहिलं गं."

"वाचा."

काकांनी वाचलं. एक ओळ चुकली. बाईंनी ती पुन्हा सांगितली, आणि तिच्यात अख्खं मिनिट गेलं. "बघा," काका आमच्याकडे वळून म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं हिच्या वर्गात आहे, अजून वर चढवलं नाही मला." त्यांनी नाक पुसलं आणि परत पेन उचललं.

मी मधूनच घड्याळ पाहत होते. सात पन्नास. सात पंचावन्न. मला आतून संताप येत होता, कोणावर ते कळत नव्हतं. भूकंप नाही, वादळ नाही, कोणी वाईट माणूस नाही. एक मशीन दोन दिवस उघड्या डोक्याने राहिलं एवढंच.

सात सत्तावन्नला काकांनी वही मिटली. ते बाईंचा हात हातात घेऊन बसले. आम्ही तिघं खाटेला वेढून बसलो होतो, तिघांचीही तोंडं त्यांच्याकडे. बाईंची नजर पाटीवर आली, गेली, पुन्हा आली. भराभर हलत होती. इतक्या घाईत मी त्यांना त्या दोन तासांत पाहिलं नव्हतं.

"चिन-शेंग," पाटी बोलली.

फान खुर्चीवरून उठून पुढे झाला. "हां, बाई."

नजर अक्षरांवर धावत होती. एक, दोन, तीन. आणि पाटी पांढरी झाली. मधोमध काळ्या अक्षरांत आलं, परवान्याची मुदत संपली आहे, कृपया कंपनीशी संपर्क साधा. खाली माझा नंबर.

त्याच मिनिटाला माझ्या पिशवीत फोन थरथरू लागला. थांबला. पुन्हा लागला. मी तो घेतला नाही.

बाई फानकडे बघत होत्या, मग त्याच्या पलीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. डोळे जोरजोरात मिटत होत्या. त्यांच्या कडांना पाणी आलं. काकाही रडत होते. "राहू दे, राहू दे," ते म्हणत होते. "कळलं आम्हाला. सगळं लिहिलंय. राहू दे गं आता." फान गुडघ्यांवर बसला. "बाई, तुम्ही मला काय सांगत होता?" तो म्हणाला. त्याला असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्याने कोणाकडे कधी काही मागितलंच नव्हतं. "रागवा, काहीही म्हणा, पण पुरं करा."

बाईंनी डोळे घट्ट मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"तक्ता आणतो," काका उठले. पाटी यायच्या आधीचा जुना पुठ्ठ्याचा तक्ता कपाटामागे होता. तो शोधण्यात वेळ गेला. काका एकेका ओळीवर बोट ठेवून विचारू लागले. बरोबर ओळ आली की बाईंनी डोळे मिटायचे, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. नऊ वर्षांत त्यांची सवय गेलेली होती. दोनदा ओळ चुकली. पहिलं अक्षर मिळायलाच चार मिनिटं लागली.

"प," काका म्हणाले. "पाय? पाय दुखतोय? पाठ? पाणी हवंय का?"

बाईंनी डोळे उघडे ठेवले, ताठ. नाही.

"प... पत्र? चिन-शेंगचं पत्र? पुन्हा बघू, दुसरं अक्षर. पहिली ओळ? दुसरी?"

दुसऱ्या अक्षराची गरजच पडली नाही. जळका वास आधी मला आला. मी मागे वळले. आमच्या पाठीमागे, उघड्या दारातून सरळ दिसणाऱ्या शेगडीवर पेजेचं पातेलं काळं पडत होतं, आणि धूर छताला लागला होता. आमच्यापैकी फक्त बाईंचंच तोंड तिकडे होतं. त्या किती वेळ ते पाहत होत्या कोणास ठाऊक.

फान धावला. त्याने गॅस बंद केला, पातेलं फडक्याने उचलून मोरीत ठेवलं, खिडकी उघडली. काका हातात तक्ता घेऊन तिथेच उभे राहिले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. "पेज होय," ते म्हणाले. "अगं, पेज होय..." बाईंनी एकदा डोळे मिटले. आता सावकाश.

मला आजवर कळलेलं नाही की चिन-शेंग असं नाव घेऊन त्या पातेल्याबद्दलच सांगणार होत्या, की आणखी काही मनात होतं आणि मध्येच पातेलं दिसलं. विचारता आलं असतं. तक्ता होता. फानने विचारलं नाही. त्याने कोट काढून खुंटीला लावला, बाह्या सारल्या आणि मोरीपाशी उभा राहून तारेच्या घासणीने पातेलं घासायला लागला. तो पाठमोरा होता. बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसणं शक्यच नव्हतं.

पिशवीतला फोन थांबायचं नाव घेईना. मी तो घेऊन अंगणात गेले. ताइनानहून एक मुलगी बोलत होती, धाप लागल्यासारखी.

"पाटी बंद झाली हो. आणि बाबा काहीतरी सांगतायत, सारखे डोळे मिटतायत. आम्ही सगळे इथेच बसलोय त्यांच्याजवळ, पण काही कळत नाहीये. काय करू?"

चौदा वर्षं मी लोकांना सांगत आले होते, बटण दाबा, बंद करा, परत चालू करा. आतून घासणीचा आवाज येत होता.

"त्यांच्याकडे बघू नका," मी म्हटलं. "ते कुठे बघतायत ते बघा. मागे वळा."

"मागे?"

"हो. सगळ्यांनी. वळा."

पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मी फोन कानाला लावून थांबले. तेवढ्यात दुसरा फोन येत असल्याची टुकटुक सुरू झाली, मग तिसऱ्याची. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी हेच सांगत होते, आणि फान पातेलं घासून झाल्यावर शेगडी पुसत होता.